शिधा फुकट, स्वयंपाक आपला

एरवी आठवड्याच्या अंकात या सदराला पानाचा एक कोपरा मिळतो. त्या कोपऱ्यात एखाद्या घरचे भांडण किंवा एखादे लोणचे, यांपैकी एकच काहीतरी मावते. दिवाळी अंकात मात्र संपादकांनी मन मोठे करून पाने सैल सोडली आहेत. तेव्हा वर्षभर कोपऱ्यात न बसलेला एक विषय आज घेते. त्यात भांडण आहे. लोणचे नाही, पण शिधा आहे. तो कसला, ते पुढे येईलच.

विषय माझ्या ठाण्याच्या भाचीचा. गेल्या वर्षी भाऊबीज झाली, सुटी संपून शाळा उघडायची वेळ आली, आणि रात्री साडेनऊला तिचा फोन आला.

"मावशी, उद्यापासून मी याला शाळेत पाठवणार नाही."

"का गं? ताप आहे का?"

"ताप नाही. उद्यापासून म्हणजे उद्यापासून पुढे."

मी हातातले दुधाचे पातेले खाली ठेवले.

चिरंजीवांचे वय तेव्हा आठ, इयत्ता तिसरी. मुलगा हुशार, पण बोलताना अडखळतो. पहिल्या अक्षरावर गाडी थांबली की सुटतच नाही. वर्गात उभे राहून धडा वाचायची पाळी आली, की मागच्या बाकावरून त्या अक्षराची नक्कल ऐकू येई. शाळा काही वाईट नव्हती, बाईही दुष्ट नव्हत्या. पण साठ मुलांच्या वर्गात एकासाठी थांबायला वेळ कुणाला? पुढे पुढे रोज सकाळी त्याच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांनी दोनदा तपासले. पोटात काही सापडले नाही. रविवारी मात्र दुखत नसे. आईला निदान करायला एवढे पुरे होते.

मग घरोघरी होते तेच झाले. ज्याला त्याला मत फुटले. आमचे व्याही, म्हणजे भाचीचे सासरे, निवृत्त हेडमास्तर. पस्तीस वर्षे घंटेवर जगलेला माणूस. "शाळा सोडवणे म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणे," एवढे बोलून त्यांनी मौन धरले. आणि हेडमास्तरांचे मौन त्यांच्या छडीपेक्षा वाईट असते. जावईबापूंची काळजी निराळी. बायको नोकरी सोडणार, म्हणजे घरात एकच पगार येणार. त्यातून फ्लॅटचा हप्ता जाणार. त्यातच त्या आठवड्यात गळ्यात टाय लावलेला एक तरुण घरी आला, सोफ्यावर बसला, आणि पाटीएवढ्या एका यंत्रात दहावीपर्यंतचे सारे शिक्षण कसे भरून ठेवले आहे ते त्याने बोट फिरवून दाखवले. किंमत पंचेचाळीस हजार. हप्ते करून मिळतील. जावईबापूंनी खिशातून पेनही काढले होते.

मी म्हटले, "पंधरा दिवस थांबा. फुकट काय मिळते ते आधी मी पाहते. मग पेन काढा."

तुम्ही म्हणाल, या वयात ही उठाठेव कशाला? पण मंडईत सबंध चक्कर मारल्याशिवाय पहिल्याच गाळ्यावर पिशवी उघडायची नाही, हे मला माझ्या आईने शिकवले आहे.

आधी कायदा

भाचीच्या मनातली पहिली भीती पैशाची नव्हती, पोलिसांची होती. कुणीतरी तिला सांगितले होते, मुलाला घरी ठेवले तर गुन्हा होतो. म्हणून मी आधी कायदाच काढून वाचला.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा हा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्याने शिक्षणाचा हक्क दिला, आणि मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे असे दहाव्या कलमात सांगितले. घरी शिकवण्याबद्दल मात्र त्यात चकार शब्द नाही. परवानगी नाही, तशी नाव घेऊन बंदीही नाही. आणि कर्तव्य चुकलेल्या पालकाला दंड किंवा तुरुंगही सांगितलेला नाही. म्हणजे ही वाट राजरस्ता नव्हे, बांधावरची पायवाट आहे. चालता येते, पण खाली पाहून.

त्याच कायद्याचे चौथे कलम मला फार मोलाचे वाटले. सहा वर्षांवरचे मूल शाळेत गेलेच नसेल, किंवा मधूनच सुटले असेल, तर त्याला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात दाखल करून घ्यावे, असे ते म्हणते. म्हणजे बाहेर पडताना शाळेचे दार मागे कायमचे बंद होत नाही. हे वाचून दाखवल्यावर जावईबापूंच्या चेहऱ्यावर थोडे रक्त आले. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा मागून घेऊन कपाटात नीट ठेवा, असे मी बजावले.

पुढच्या परीक्षांचीही सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ साली निघाली. तिच्या पायाभूत अभ्यासक्रमाचे तीन टप्पे तिसरी, पाचवी आणि आठवी यांच्या बरोबरीचे धरतात. चौदा वर्षे पूर्ण झाली की तिच्याकडून दहावीला बसता येते. परीक्षेची फी पडते. पण पुस्तके संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचायला मोकळी आहेत. आणि सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे प्रत्येक घराण्यात एकाने तरी भरलेला असतोच!

शिध्याची यादी

आता मुख्य बाजार. मी एक शंभर पानी वही केली आणि त्यात रोज सापडेल ते उतरवू लागले.

पहिले नाव अर्थात बालभारतीचे. पुण्याची ही संस्था २७ जानेवारी १९६७ ला सुरू झाली, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे पहिले पुस्तक तिचेच. पहिलीपासूनची तिची क्रमिक पुस्तके आज संकेतस्थळावरून जशीच्या तशी फुकट उतरवून घेता येतात. इथे एक अनुभवाचा बोल ऐका. भाचीने मोठ्या हौसेने गणिताचे पुस्तक उतरवले आणि छापून आणायला झेरॉक्सच्या दुकानात दिले. त्याने हिशेब सांगितला तेव्हा कळले, की त्या पैशांत दुकानातून छापील पुस्तक आले असते आणि वर पेन्सिली आल्या असत्या. पडद्यावर वाचायचे असेल तर फुकटचे घ्यावे. हातात धरून, कोपरे दुमडून वाचायचे असेल तर सरळ विकत आणावे.

याच बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ साली निघाले. त्याचे जुने अंकही आता फुकट वाचायला ठेवले आहेत. मुलाला कसे वाटते ते पाहावे म्हणून मी एक अंक उघडला आणि गॅसवरची कढी विसरले. मुलांच्या नावाने आपणच रमावे, असा तो साठा आहे.

मग मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला ज्याचा संसार मांडला, तो हा. त्याचा पहिला खंड १९७६ चा. सगळे खंड घरात ठेवायचे तर भिंतभर कपाट हवे; आज ते सारे पैशाशिवाय उघडतात. भाषा मात्र मोठ्या माणसांची. पाल भिंतीवरून पडत का नाही, असे मुलाने विचारले तर त्याच्यापुढे नोंद ठेवून भागत नाही. आईने आधी स्वतः वाचावे, समजून घ्यावे, आणि मग आपल्या शब्दांत सांगावे. जोडीला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली १८५७ ची. शिकागो विद्यापीठाने तो साऱ्या जगाला उघडा करून ठेवला आहे. एक शब्द पाहायला जावे आणि शेजारचे दहा वाचून उठावे!

गोष्टींसाठी 'स्टोरीवीव्हर'. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली हे भांडार उघडले. चित्रांच्या गोष्टी, त्यांत मराठीही भरपूर, आणि वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या. वाचा, छापा, वाटा, भाषांतर करा. लिहिणाऱ्याचे आणि चित्रकाराचे नाव तेवढे राखले की झाले. विज्ञानासाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी केलेली 'स्मॉल सायन्स' ही पुस्तके. त्यांत उत्तरे थोडी आणि 'करून पाहा' फार.

आणि अरविंद गुप्ता. कानपूरच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेला हा इंजिनिअर पुण्याला टेल्कोत होता. १९७८ मध्ये तो मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला खेड्यातल्या मुलांच्या विज्ञान शिक्षणाचे काम पाहायला गेला, आणि पुढे जन्मभर टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत राहिला. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षे काढली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती आहेत, आणि मराठीसह अनेक भाषांतली हजारो पुस्तके आहेत. कशालाच पैसे नाहीत.

अडखळण्याच्या इलाजासाठीही खासगी दवाखान्यांच्या फिया ऐकून आम्ही गार झालो होतो. तेव्हा कळले, की वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची, वाचा आणि श्रवण यांची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. सरकारी असल्याने तिथला खर्च माफक. तिथे मुलाचे नाव घातले. दोघांनी एका सुरात मोठ्याने वाचले की अडखळणे पुष्कळ कमी होते, ही त्या शास्त्रातली जुनी गोष्ट आहे. स्टोरीवीव्हरच्या गोष्टी मायलेकरे तशीच वाचू लागली.

पंधराव्या दिवशी वही भरली. टायवाल्या तरुणाला चहा पाजून परत पाठवले. मला वाटले, लढाई जिंकली.

अजीर्ण

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले, तर दार भाचीने उघडले आणि तिचे डोळे लाल.

संगणकावर 'अभ्यास' नावाच्या कप्प्यात सहाशेच्या वर पुस्तके जमली होती. फुकटच ती, मग सोडायची कशाला? फ्रीजवर वेळापत्रक चिकटवले होते. त्यात आठ तास, मधली सुटी आणि शेवटी प्रार्थनासुद्धा. रात्री एक वाजेपर्यंत ही उद्याची पाने निवडायची, सकाळी मुलापुढे ठेवायची, आणि तो दहा मिनिटांत खिडकीबाहेर पाहू लागला की हिचा पारा चढायचा. त्या दिवशी भागाकारावरून तिने त्याला चापट मारली होती. सबंध शाळेत त्याच्यावर कुणी हात उचलला नव्हता.

स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ती म्हणाली, "मावशी, शाळेतून काढला आणि घरात शाळाच आणून बसवली. निदान तिथे बाईंना साडेबाराला घरी जायला मिळायचे. मी जाऊ कुठे?"

मला माझीच वही आठवली आणि लाज वाटली. मी तिला सामान आणून दिले होते, पोतीच्या पोती. लग्नघरात दारात धान्याच्या राशी पडाव्यात आणि चुलीशी एकटी बाई असावी, तसे झाले होते. शिधा फुकट मिळतो हो. पण तो निवडायचा कुणी, शिजवायचा कुणी आणि घास करून भरवायचा कुणी? एका पानात किती वाढावे, हे काही शिधा सांगत नाही.

त्या रात्री मला पंडिता रमाबाई आठवल्या. १८५८ चा त्यांचा जन्म. त्या कुठल्या शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले म्हणून लोक त्यांच्यावर उलटले, आणि ते कुटुंब घेऊन गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. मुलीला शिकवले ते आईने. दिवसभर संसार, पाहुणे, शिष्य. वेळ उरायचा तो पहाटेचा. अर्धवट झोपेतल्या मुलीला कुशीत घेऊन, लाडाने जागी करून ही माउली तिला पाठ द्यायची. पुढे याच मुलीला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. त्या रानात सहाशे पुस्तके कुठून असणार? पाठ थोडा, पण देणारी जवळ बसलेली. आमच्याकडे नेमके उलटे झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला तेवढेच सांगितले. वेळापत्रक फ्रीजवरून उतरले. ठरले ते असे: दिवसाला तीनच गोष्टी. थोडे मोठ्याने वाचायचे, थोडे गणित करायचे आणि हाताने काहीतरी बनवायचे. बाकीचे 'अभ्यास'च्या कप्प्यात निजू द्यावे. दुपारी दोन ते चार आईची सुटी. त्या वेळात मुलाने तिला हाक मारायची नाही, घराला आग लागली तरच मारायची.

रुसलेले साधन

त्या दोन ते चार या वेळातच पुढचे घडले.

अरविंद गुप्तांची एक कृती आहे: सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे करायचे, आणि त्यांत काडेपेटीच्या काड्या खोचून आकार जोडायचे. सायकलच्या दुकानातून थोड्या पैशांत वीतभर ट्यूब येते. चिरंजीवांनी आधी चौकोन केला. बोटाने दाबला की तो लवतो, पतंगासारखा तिरका होतो. मग त्रिकोण केला. तो दाबला तरी हलेना. चौकोनात एक काडी तिरकी घालावी, म्हणजे त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही ताठ उभा राहतो.

आजोबा आरामखुर्चीत वर्तमानपत्रामागे होते. मुलगा त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "आजोबा, त्रि... त्रि... त्रि..." अक्षर सुटेना. आई निजली होती, मदतीला कुणी नव्हते. शेवटी त्याने बोलणे सोडले आणि दोन्ही आकार त्यांच्या मांडीवर ठेवून बोटाने दाबून दाखवले.

हेडमास्तरांनी पेपर खाली ठेवला. काड्या दोनदा दाबून पाहिल्या. मग उठले, चपला घातल्या, आणि नातवाला घेऊन रेल्वेच्या पादचारी पुलावर गेले. पुलाच्या लोखंडात किती त्रिकोण आहेत ते दोघांनी मोजले. सत्तेचाळिसावर अंधार पडला म्हणून परत आले.

त्या दिवसापासून गणित आजोबांकडे गेले. घरात पस्तीस वर्षांचा अनुभव असलेला शिक्षक बिनपगारी बसलेला होता, आणि मी फुकट साधने शोधत शिकागोपर्यंत जाऊन आले होते! फक्त ते साधन रुसलेले होते, आणि त्याची मनधरणी करायचे कुणाला सुचले नव्हते. व्याही अजूनही म्हणतात, मुलाने शाळेतच जायला हवे. पण भागाकार शिकवता शिकवता म्हणतात.

उंबऱ्याबाहेर

घरच्या शाळेचे मोठे दुखणे म्हणजे घर. चार भिंतींत मूल आणि आई एकमेकांना किती पुरणार? म्हणून बाहेरची फुकट ठिकाणे हेरून ठेवावीत.

सर्वांत जवळचे म्हणजे वाचनालय. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. पुस्तक घरी न्यायचे तर अनामत आणि वर्गणी पडते. पण बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत वर्तमानपत्रे तिथे बसून वाचायला कुणी पैसे मागत नाही. मूल म्हाताऱ्यांच्या रांगेत बसून पेपर वाचायला शिकते, हेही शिक्षणच. त्याहून जवळ म्हणजे दारातले झाड. 'सीझनवॉच' नावाचा देशभरचा उपक्रम आहे: एक झाड निवडायचे, दर आठवड्याला पालवी, फूल, फळ किती आहे ते पाहून कळवायचे. यांनी सोसायटीच्या फाटकाजवळचा बहावा घेतला. वैशाखात तो पिवळा होतो एवढेच मला साठ वर्षे ठाऊक होते. त्याआधी तो किती आठवडे उघडा असतो हे मला या मुलाने सांगितले.

२८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन. त्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांना पाहायला खुली करतात. नारायणगावपर्यंत एस.टी., बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. भाडे पडले, पाहणे फुकट. ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या, अशा तीस. आणि भोवती कांद्याची शेते. तिथल्या एका तरुण शास्त्रज्ञाला चिरंजीवांनी प्रश्न विचारला. प्रश्न पुरा व्हायला वेळ लागला. तो तरुण गुडघ्यावर बसला आणि थांबला. भाची म्हणते, त्या दिवशीची शिकवणी तेवढीच होती.

मे महिन्यात महाबळेश्वराकडे जाणार असाल तर वाटेतले भिलार चुकवू नका. ४ मे २०१७ रोजी हे पुस्तकांचे गाव म्हणून उघडले. गावातल्या लोकांनी घरातल्या खोल्या, ओसऱ्या पुस्तकांना दिल्या आहेत. कुणाच्याही घरात शिरावे, हवे ते काढून वाचत बसावे, आणि जाताना जागेवर ठेवावे. यांना तिथून उठवायला तीनदा हाका माराव्या लागल्या.

हिशेब

आता कुणी घाईने शाळेला नाव ठेवू नये म्हणून हेही लिहिते. रमाबाईंना आई शिकवू शकली, कारण आई शिकलेली होती. जिथे आईबापांना अक्षर येत नव्हते, अक्षराला शिवायची मुभाही नव्हती, तिथल्या मुलांनी कुणाच्या कुशीत शिकावे? म्हणून तर १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. शाळा हे गरिबाचे सर्वांत मोठे फुकट साधन आहे, आणि ते टिकवले पाहिजे. २०२० च्या मार्चात शाळांना कुलुपे लागली तेव्हा हे आपण सगळ्यांनी पाहिले. ज्यांच्या घरी निवांत कोपरा होता आणि सांगणारे माणूस होते, त्यांचे निभावले.

भाचीच्या घरचा हिशेबही फुकटाचा नाही. पुस्तकांवर वर्षात फारसा खर्च झाला नाही, हे खरे. पण तिचा गेलेला पगार कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवून घेता येत नाही. यंदा दिवाळीला नवे पडदे नाहीत, गावी जाणे नाही. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी कचेरीत वर चढल्या, त्यांचे फोटो पाहून ती कधी कधी गप्प होते. आणि मुलाला सवंगडी फुकट मिळत नाहीत. त्यासाठी रोज संध्याकाळी पाच वाजता हातातले टाकून खाली मैदानात जावे लागते.

म्हणून कुणी मला विचारले, की आमच्या मुलालाही घरी शिकवू का, तर मी आधी पुस्तकांची चौकशी करत नाही. तुमच्या घरी दिवसातले दोन तास न चिडता मुलाजवळ बसणारे कोण आहे? आणि त्या माणसाला दोन तास सुटी देणारे दुसरे कोण आहे? या दोन्हींची उत्तरे असतील, तर माझी वही केव्हाही न्या. एकच पान उघडा, ते संपले की दुसरे. नसतील, तर शाळेतल्या बाईंना जाऊन भेटा, पुन्हा भेटा. तो मार्ग अधिक सोपा आहे.

पाचवीला शाळेत जायचे की नाही, हे येत्या जूनच्या आधी मुलालाच विचारायचे ठरले आहे. अडखळणे गेलेले नाही. कमी झाले आहे. पोटात मात्र दुखत नाही.

वसुबारसेला मी त्यांच्याकडे गेले होते. सोसायटीच्या मुलांनी जिन्याखाली मातीचा किल्ला केला होता. चौथीच्या पुस्तकातून पाहून यानेच आखणी केलेली. बुरुजांना आतून काड्यांचे त्रिकोण. येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती सांगायचे कामही याने मागून घेतले होते. मी विचारले, "कुठला रे हा किल्ला?"

"प्र... प्र..." गाडी थांबली. शेजारची एक चिमुरडी लगेच म्हणाली, "प्रतापगड!"

त्याने तिच्याकडे वळून पाहिले. "थांब, मला म्हणू दे," म्हणाला. आणि मग, आपला वेळ घेऊन, त्याने म्हटले.

आम्ही सगळे थांबलो. थांबायला पैसे पडत नाहीत.

तुम्हां सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा आपल्या कोपऱ्यात भेटूच. आणि या खेपेला राहिलेले लोणचेही घेऊन येईन.